आरोग्य-बाजारपेठेतील विमेदार

अमेरिकेत 2010 साली संमत झालेल्या आरोग्यसुधारणा कायद्याने सरकारी देखरेखीखालील विमा-बाजारपेठ, म्हणजे विविध कंपन्यांच्या योजना एकत्र मांडणारी व्यवस्था, निर्माण केली. तिच्यातील नोंदणी ऑक्टोबर 2013 मध्ये सुरू झाली. बहुतेक अमेरिकी कुटुंबांना विमा मालकाकडून मिळतो, वृद्धांना 65व्या वर्षापासून मेडिकेअर आणि अत्यल्प उत्पन्नाच्या लोकांना मेडिकेड या सरकारी योजना लाभतात. त्यामुळे या बाजारपेठेत प्रामुख्याने येतात ते स्वयंरोजगार करणारे, विमा न देणाऱ्या लहान व्यवसायांतील कामगार आणि पासष्टीपूर्वीच निवृत्त झालेले लोक. पूर्वी जुन्या आजाराचे कारण दाखवून विमा नाकारला जाई. आता तसे करता येत नाही, आणि हाच या कायद्याचा सर्वांत मानवी भाग होय.

मात्र नोंदणीचे प्रमाण ठरते ते मुख्यतः अनुदानावर, म्हणजे हप्त्याचा भार हलका करणाऱ्या करसवलतीवर. 2021 मध्ये ती वाढवल्यानंतर नोंदणी सुमारे 1 कोटी 20 लाखांवरून 2025 पर्यंत सुमारे 2 कोटी 40 लाखांवर गेली. फ्लोरिडा आणि टेक्सास या राज्यांनी मेडिकेडचा विस्तार, म्हणजे अधिक अल्प उत्पन्नाच्या लोकांना त्या योजनेत सामावून घेणे, नाकारल्याने तेथील अनेक अल्प उत्पन्नाची कुटुंबे याच बाजारपेठेकडे वळली, परंतु तेथील दारिद्र्यरेषेखालील बहुसंख्य प्रौढांना अनुदानही मिळत नाही. सर्वाधिक गरजूंनाच वगळणारी ही त्रुटी अक्षम्य आहे.