शताब्दीला पोचला तो फक्त हात

1876 सालचा एक फोटो आहे. फिलाडेल्फियातलं प्रदर्शनाचं मैदान, आणि एका बसक्या टपरीच्या छपरातून वर निघालेला अवाढव्य हात. हातात मशाल. ज्योतीभोवतीच्या कठड्याला रेलून उभी असलेली माणसं मुंग्यांएवढी दिसतात. पन्नास सेंट मोजले की आतल्या शिडीने तिथवर चढता यायचं. बाकीचा पुतळा? तो अजून व्हायचाच होता.

अमेरिकेच्या स्वातंत्र्याची ती शंभरी. त्या देशाला फ्रान्सच्या जनतेने स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा भेट द्यावा, ही कल्पना एद्वार लाबुलाये या कायदेपंडिताची, आणि शिल्पकार होता फ्रेदेरिक ऑग्युस्त बार्तोल्दी. ठरलं असं, की पुतळा फ्रान्सने घडवायचा आणि चौथरा अमेरिकेने बांधायचा. आपल्याकडे वरपक्ष-वधूपक्ष खर्च वाटून घेतात, तसंच. आणि लग्नघरात होतं तेच इथेही झालं. पैसे कमी पडले, मुहूर्त टळला. शताब्दीच्या प्रदर्शनात पोचला तो फक्त उजवा हात, तोही प्रदर्शन निम्मं उलटल्यावर. पुढे हा हात न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअरमध्ये 1882पर्यंत उभा होता. डोकं 1878मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात मांडलं. सुटे अवयव दाखवून वर्गणी गोळा करणारं दुसरं स्मारक मला तरी माहीत नाही.

पॅरिसच्या कारखान्यातलं काम मात्र पुण्याच्या तांबट आळीतल्या माणसाला सहज कळलं असतं. आधी प्लास्टरचा लहान नमुना, मग ओळंबे सोडून मापं घेत तो टप्प्याटप्प्याने मोठा करायचा. त्या आकाराला तंतोतंत बसतील असे लाकडी साचे सुतारांनी करायचे, आणि तांब्याचा पत्रा त्यांत ठेवून हातोडीने ठोकत बसवायचा. पत्र्याची जाडी जेमतेम अडीच मिलिमीटर. तर्जनीच आठ फुटांची, आणि चौथऱ्याशिवाय एकूण उंची 46 मीटर! एवढं पातळ कवच वाऱ्यात स्वतःच्या बळावर उभं राहणार नाही, म्हणून आतला लोखंडी सांगाडा गुस्ताव आयफेलच्या कचेरीने आखला. त्याचा तो जगप्रसिद्ध मनोरा यानंतरचा.

जून 1885मध्ये 214 खोक्यांत भरून पुतळा न्यूयॉर्कला उतरला, तेव्हा चौथरा अर्धवटच होता. राज्याने पन्नास हजार डॉलर द्यावेत, असा प्रस्ताव आदल्याच वर्षी गव्हर्नर ग्रोव्हर क्लीव्हलँड यांनी नकाराधिकार वापरून फेटाळला होता. श्रीमंत मंडळी हात आखडून बसली होती. अशा वेळी, हंगेरीतून रिकाम्या खिशाने आलेल्या जोसेफ पुलित्झरने ‘द वर्ल्ड’ या आपल्या वृत्तपत्रातून मार्च 1885मध्ये हाक दिली: कितीही कमी द्या, नाव छापून येईल. आणि नावं खरोखरच छापून आली. सर्कसला जाण्यासाठी साठवलेला एक डॉलर मुलांनी पाठवला, तोही यादीत आला. ऑगस्टपर्यंत लाखाहून अधिक माणसांकडून एक लाखाहून अधिक डॉलर जमले. बहुतेकांची वर्गणी डॉलरच्या आतली. पेपरचा खपही वाढला, हे सांगायला हवं. पुलित्झर काही संत नव्हता. दहाच वर्षांनी टिळकांनी रायगडावरच्या शिवसमाधीसाठी ‘केसरी’तून लोकांपुढे हात पसरला, त्या वेळी त्यांना पुलित्झर आठवला असेल का, हा माझा आपला एक भाबडा प्रश्न.

28 ऑक्टोबर 1886ला उद्घाटन झालं, अध्यक्ष क्लीव्हलँड यांच्या हस्ते. होय, पैसे नाकारणारे तेच. पुतळा बाईचा, पण न्यूयॉर्क बंदरातल्या त्याच्या बेटावर जमलेले जवळपास सगळे पुरुष. मताधिकार मागणाऱ्या बायकांनी बोट भाड्याने घेऊन पाण्यातूनच निषेध केला. त्याच वर्षी मार्चमध्ये, हात जिथे मांडला होता त्या फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या होत्या. त्या समारंभाला आलेल्या पंडिता रमाबाई पुतळ्याच्या उद्घाटनावेळीही अमेरिकेतच होत्या. मताचा हक्क तिथल्या बायकांना देशभर मिळाला तो 1920मध्ये.

2026मध्ये अमेरिकेला अडीचशे वर्षं होतात. फिलाडेल्फियात लोक ज्या मशालीवर चढले, ती पाणी झिरपून खराब झाली आणि 1984मध्ये खाली उतरवली गेली. वर आता सोन्याचा मुलामा दिलेली नवी मशाल आहे. जुनी, बेटावरच्या संग्रहालयात, पुन्हा जमिनीवर उभी आहे. शिडी मात्र आता कुणालाच चढता येत नाही.