दहावी झाली, आता विचारायचं कोणी?

दहावीचा निकाल लागला की गावात पेढे वाटतात, हार घालतात, फोटो काढतात. मग आठ दिवसांत सगळं शांत होतं आणि घराघरांत एकच प्रश्न उरतो, पोरीला पुढं पाठवायचं का? बीड जिल्ह्यातल्या आमच्या गटांच्या बैठकीत जूनमध्ये हाच विषय निघतो. तो निघाला की आम्ही हप्त्याचं पुस्तक थोडा वेळ बाजूला ठेवतो आणि बोलतो. त्यातलंच काही आज सांगतोय.

आमचा अनुभव असा की अकरावीत नाव घातलेली मुलगी मार्क कमी पडले म्हणून क्वचितच घरी बसते. जून ते दिवाळी या पाच महिन्यांत कधी बस चुकते, कधी कागद राहतो, कधी इंग्रजी कळत नाही, कधी आईबाप कारखान्यावर जातात. एकेक गोष्ट बारकी असते, पण साचत जाते. शाळा गावात होती. मुलगी दोन दिवस दिसली नाही तर बाई निरोप धाडायच्या, शिष्यवृत्तीचा अर्ज शाळाच भरायची. कॉलेजात तसं होत नाही. तिथं सूचना फळ्यावर लागते, ज्यानं वाचली त्याचं काम होतं. म्हणून आमचं सांगणं एकच आहे. मुलीला विचारायला शिकवा, आणि तिच्यासोबत आपणही विचारायला शिकू. आपण किती शिकलो, याचा इथं काही संबंध नाही.

अर्ज भरण्याआधी

२०२५-२६ पासून साऱ्या राज्यात अकरावीचा प्रवेश ऑनलाइन झाला आहे. अर्जात एक ते दहा कॉलेजांची नावं पसंतीच्या क्रमानं टाकता येतात. इथं एक गोष्ट नीट समजून घ्या. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं आणि तिथं प्रवेश घेतला नाही, तर मुलगी पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर पडते. तेव्हा नेटकॅफेवाल्याला "टाक कोणतंही" असं म्हणू नका. पहिलं नाव अशाच कॉलेजचं टाका, जिथं मुलगी खरोखर रोज जाऊ शकेल.

रोज जाऊ शकेल का, हे कसं कळायचं? एक दिवस मायलेकींनी कॉलेजच्या वेळेला एसटीनं जाऊन या. सकाळची गाडी किती वाजता, स्टँडपासून कॉलेज किती लांब, परतीची शेवटची गाडी कोणती, सगळं वहीत लिहा. विज्ञान शाखेला दुपारी प्रात्यक्षिकं असतात, त्यामुळे सुटायला उशीर होतो. शेवटची गाडी त्याआधीच निघत असेल तर ते आजच कळलेलं बरं.

पासाचंही विचारा. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा पास मोफत मिळतो. काही तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या गाड्या खास मुलींसाठी धावतात. गाडीची वेळ कॉलेजला जुळत नसेल तर एकट्या बापानं आगाराला चकरा मारू नयेत. पाच गावांच्या गटांनी सह्यांचं एकच पत्र करून आगार व्यवस्थापकांना द्यावं आणि पोच घ्यावी.

फीचं म्हणाल तर अनुदानित तुकडीत मुलींना बारावीपर्यंत शिक्षण शुल्क नाही. पण एकाच कॉलेजात एक तुकडी अनुदानित आणि दुसरी विनाअनुदानित असू शकते. नाव तेच, इमारत तीच, फी मात्र वेगळी. म्हणून पसंती टाकतानाच "ही तुकडी अनुदानित आहे का?" हे विचारा. आणि जे पैसे भराल त्याची पावती घ्याच.

शाखा कोणती?

मार्क चांगले पडले की सगळे म्हणतात सायन्स. कमी पडले की आर्ट्स. मुलीला काय करायचंय ते शेवटी विचारतात. आम्ही म्हणतो, उलटीकडून या. आधी तिला पुढं काय व्हायचंय ते विचारा.

इंजिनिअरिंग, फार्मसी, डॉक्टरकी यांना विज्ञानच लागतं. बीएस्सी नर्सिंगला विज्ञान आणि त्यात जीवशास्त्र लागतं. पण जीएनएम नर्सिंगला बारावी दुसऱ्या शाखेची असली तरी चालते. ज्या भरतीला कोणत्याही शाखेची पदवी चालते, तिथं कला शाखेची मुलगीही तितक्याच हक्कानं बसते. हाताला लवकर काम हवं असेल तर दहावीनंतर आयटीआय आहे, पॉलिटेक्निक आहे. विज्ञानातून पुढं कलेकडे वळता येतं, कलेतून इंजिनिअरिंगकडे येता येत नाही, हेही खरं. पण म्हणून मुलीला नको असताना विज्ञानात ढकलू नका. दोन वर्षं अभ्यास तिला करायचाय.

एखाद-दोन विषय राहिले असतील तरी वर्ष गेलं असं समजू नका. जून-जुलैत पुरवणी परीक्षा असते, तिचा अर्ज शाळेतूनच भरायचा असतो आणि मुदत थोडी असते. एक किंवा दोन विषय राहिलेल्यांना एटीकेटीवर अकरावीत प्रवेशही मिळतो. निकालाच्या दिवशी रडणाऱ्या मुलीला हे आधी सांगा, बाकीचं नंतर बोला.

इंग्रजीची भिंत

विज्ञान घेतलेल्या मराठी माध्यमाच्या मुलींचं पहिल्या महिन्यात तोंड उतरतं. दहावीला विज्ञानात ऐंशी मार्क पडलेली पोर म्हणते, "मला काहीच येत नाही." तिला येत असतं. ती पेशी शिकली, इथं सर सेल म्हणतात. ती त्वरण शिकली, इथं अ‍ॅक्सिलरेशन. आम्ल म्हणजे अ‍ॅसिड, घनता म्हणजे डेन्सिटी, बल म्हणजे फोर्स. ओळखीच्या माणसानं नवे कपडे घातले तर क्षणभर ओळखू येत नाही, तसं होतं.

याला एक सोपा उपाय आहे. बालभारतीच्या संकेतस्थळावर पुस्तकं मोफत मिळतात, मराठी माध्यमाची आणि इंग्रजी माध्यमाचीही. दहावीचं इंग्रजी माध्यमाचं विज्ञानाचं पुस्तक फोनवर उतरवून घ्या. धडे तेच असतात. मराठी पुस्तक शेजारी ठेवायचं आणि वहीत दोन रकाने करायचे, एकीकडे मराठी शब्द, दुसरीकडे इंग्रजी. रोज दहा शब्द लिहिले तरी कॉलेज सुरू होईपर्यंत शे-दोनशे शब्दांशी ओळख होते. आईला इंग्रजी येत नसलं तरी वही हातात धरून "पेशीला काय म्हणतात गं?" एवढं विचारता येतं.

पहिल्या परीक्षेत मार्क घसरतील. "दहावीला एवढे आणि आता एवढेच?" असं तोडून बोलू नका. पण अकरावी म्हणजे विश्रांतीचं वर्ष, असंही तिला वाटू देऊ नका. इंजिनिअरिंग-फार्मसीच्या एमएचटी-सीईटीत साधारण २० टक्के भाग अकरावीवर असतो.

कागदांची पिशवी

गटाची कागदपत्रं आपण जशी एका पिशवीत ठेवतो, तशी मुलीच्या नावाची वेगळी पिशवी करा. तिच्यात गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, लागू असेल तर नॉन-क्रिमीलेयर, अधिवास दाखला आणि बँकेचं पासबुक हवं. शाळेचा दाखला हातात पडताच नाव, आडनाव, जन्मतारीख, जात अक्षर न् अक्षर वाचा किंवा कोणाकडून वाचून घ्या. आधारवर एक नाव आणि दाखल्यावर दुसरं असलं की पुढं प्रत्येक अर्ज अडतो.

प्रवेशाचा अर्ज वेगळा आणि शिष्यवृत्तीचा अर्ज वेगळा, हेही ध्यानात ठेवा. शिष्यवृत्ती महाडीबीटीवर भरायची असते आणि दर वर्षी भरायची असते. पैसे आधारला जोडलेल्या खात्यातच येतात, म्हणून बँकेत जाऊन खातं आधारला जोडलंय का ते विचारून घ्या.

जातीचा दाखला आणि जात पडताळणी या दोन गोष्टी आहेत. राखीव जागेवर व्यावसायिक अभ्यासक्रमाला जायचं तर बारावीनंतर पडताळणी प्रमाणपत्र लागतं. त्याला आजोबा-पणजोबांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, कोतवाल बुकाची नक्कल असे जुने कागद लागतात. वडिलांकडच्या नात्यात कोणाची पडताळणी झाली असेल तर त्याची प्रत फार उपयोगी पडते. हे कागद शोधायला वेळ लागतो आणि शोधायला मोठं माणूस लागतं. दसऱ्यानंतर कारखान्यावर गेलात तर चैत्राशिवाय परत येत नाही. म्हणून हे काम जाण्याआधीच करा.

आपण कारखान्यावर, पोर घरी

इथं खरी अडचण आहे, आणि ती आपल्या भागातल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. कोयता घेतला की सहा महिने घर बंद. मुलगी सोबत नेली तर कॉलेज सुटतं. म्हाताऱ्या सासूजवळ ठेवली तर जीव टांगणीला. मग कोणीतरी म्हणतं, स्थळ आलंय, उरकून टाका. काळजीपोटीच लग्न लावलं जातं, हे आम्हाला कळतं. पण त्यानं काळजी मिटत नाही, ती लेकराच्या अंगावर जाते.

१८ वर्षं पूर्ण होण्याआधी मुलीचं लग्न लावणं हा २००६ च्या कायद्यानं गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. गावात ग्रामसेवक, म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी, हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहे, मुलगी स्वतःही फोन करू शकते.

पण नुसता कायदा सांगून आईची झोप लागत नाही. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना आहे. समाजकल्याण आणि आदिवासी विकास विभागाची मुलींची वसतिगृहं आहेत. जागा मोजक्या असतात, म्हणून निकालाच्या आठवड्यातच चौकशी करा. वसतिगृह नाही मिळालं तर दोन-तीन मुली एका घरी, गटातल्या न जाणाऱ्या एका बाईच्या नजरेखाली राहू शकतात. शिधा आईबापांनी भरून ठेवायचा. त्या बाईचं नाव आणि फोन नंबर बैठकीच्या इतिवृत्तात लिहा, म्हणजे जबाबदारी एकटीवर पडत नाही.

एक वचन

शेवटची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. बसमध्ये, स्टँडवर, फोनवर कोणी त्रास दिला तर मुली घरी सांगत नाहीत. का? सांगितलं की कॉलेज बंद होईल, ही भीती. त्रास देणारा मोकळा फिरतो आणि शिक्षा पोरीला होते. म्हणून पहिल्या दिवशीच तिला वचन द्या, "तू सांगितलंस म्हणून तुझं कॉलेज बंद होणार नाही." बापासमोर द्या, भावासमोर द्या. मग ती सांगेल आणि उपाय वेळेवर होईल. तातडीची वेळ आली तर ११२ वर फोन करायचा, हे तिला पाठ असू द्या.

आता या महिन्याच्या बैठकीचं काम. आपल्या गटात यंदा दहावी झालेल्या मुली किती, त्यांची नावं लिहा. प्रत्येकीपुढं चार प्रश्न: अर्ज भरला का? पास काढला का? कागद पुरे आहेत का? दसऱ्यानंतर ती कुठं राहणार? ज्या प्रश्नाला उत्तर नाही, त्यापुढं गटातल्या एका बाईचं नाव लिहा. पुस्तकांना, प्रवेशाला पैसे कमी पडत असतील तर अंतर्गत कर्जात त्याला पहिला नंबर द्या. बारावी झालेल्या मुलींची पुस्तकं गोळा करून ठेवा. आणि हेच चार प्रश्न दिवाळीआधी पुन्हा एकदा विचारा. जूनमध्ये नाव घातलेली मुलगी तेव्हाही कॉलेजात जाते आहे का, हे आपल्याला त्या दिवशी कळेल.