वाचनप्रिय पुरुषांनीं कोणत्या कादंबऱ्या वाचाव्या?



वाचनाची आवड असलेल्या प्रौढ गृहस्थास 'सध्यां काय वाचतां?' असें विचारलें, तर वर्तमानपत्र, चरित्र, इतिहास, फार तर एखादें प्रवासवर्णन अशीं उत्तरें बहुधा मिळतात. कादंबरीचें नांव निघालें कीं, 'त्या आम्ही विद्यार्थिदशेंत वाचल्या' असें म्हणून तो किंचित् हंसतो. कादंबरी ही तरुणांची फावल्या वेळची करमणूक, हा समज आपल्याकडे जुना आहे. करमणूक हा कादंबरीचा धर्म आहे, हें मीही नाकारीत नाहीं. परंतु जगांत काल काय घडलें हें वर्तमानपत्र सांगतें. आपल्याच स्वयंपाकघरांत, आपल्याच गांवच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या माणसाच्या मनांत काय चाललें आहे, हें तें सांगत नाहीं. तें काम चांगल्या कादंबरीचें आहे. कर्त्या पुरुषाला ह्या ज्ञानाची गरज विशेष; कारण पुष्कळ घरांत निर्णय तो करतो आणि परिणाम मात्र दुसऱ्यांना भोगावे लागतात. म्हणून आज मी चार कादंबऱ्या व एक कथासंग्रह सुचवितों.

पहिला मान अर्थातच हरि नारायण आपटे ह्यांच्या 'पण लक्षांत कोण घेतो!' ह्या कादंबरीचा. आपट्यांनीं १८९० सालीं 'करमणूक' हें साप्ताहिक सुरू केलें व त्यांतून ती क्रमशः प्रसिद्ध झाली. त्या वेळीं त्यांचें वय अवघें सव्वीस वर्षांचें होतें. यमू नांवाची मुलगी आपली हकीकत स्वतःच सांगते: तिचें माहेर, सासर, नवऱ्याच्या सहवासांतील मुंबईचे थोडेसे सुखाचे दिवस, आणि मग वैधव्य व त्यापाठोपाठ आलेली विटंबना. एका पुरुषानें स्त्रीच्या मुखानें ही सर्व कथा सांगितली, हेंच मला मोठें वाटतें. ही कादंबरी मीं प्रथम सोळाव्या वर्षीं वाचली, तेव्हां यमूची कींव आली आणि शंकरमामंजींचा संताप आला. निवृत्तीनंतर पुन्हां वाचली, तेव्हां लक्ष गेलें तें त्या घरांतल्या इतर पुरुषांकडे. ते दुष्ट नव्हते. ते नुसते गप्प बसले होते. शंकरमामंजींसारखा मनुष्य क्वचित् आढळतो. गप्प बसणारे मात्र घरोघरीं असतात.

दुसरें पुस्तक विश्राम बेडेकरांचें 'रणांगण'. तें १९३९ सालीं निघालें. आकारानें लहान, दोन बैठकींत संपेल. युरोपांत युद्धाचे ढग जमले असतां तिकडून हिंदुस्थानाकडे निघालेल्या बोटीवर ही कथा घडते. बोटीवर हिटलरच्या जर्मनींतून देशोधडीला लागलेले ज्यू आहेत. त्यांतली हॅर्टा आणि आपला चक्रधर ह्यांची भेट होते. चक्रधर पूर्वीच्या प्रेमभंगानें कडवट झालेला आहे. एका स्त्रीचा राग त्यानें साऱ्या स्त्रीजातीवर धरलेला आहे. मुंबई जवळ येत जाते आणि ठरविण्यास वेळ उरत नाहीं. शेवट मी सांगत नाहीं. दुखावलेला पुरुष दुसऱ्याला किती दुखावूं शकतो, हें इतक्या थोड्या पानांत सांगणारें दुसरें मराठी पुस्तक माझ्या वाचनांत नाहीं.

ज्यांना पराक्रमाच्या कथा आवडतात त्यांनीं अण्णाभाऊ साठे ह्यांची 'फकिरा' ही १९५९ सालची कादंबरी अवश्य घ्यावी. अण्णाभाऊंना शाळेचें शिक्षण जवळजवळ मिळालेंच नाहीं, हें आम्हां शिक्षकांनीं ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. वारणेच्या खोऱ्यांतील मांग समाजांतला हा वीर. दुष्काळांत आपलीं माणसें उपाशी मरत आहेत हें पाहून तो धान्य लुटतो, इंग्रज सरकारचा खजिना लुटतो. ऐतिहासिक कादंबऱ्यांतून आपणांस राजांचें व सरदारांचें शौर्य वाचण्याची संवय असते. येथें शौर्याचें मूळ भुकेंत आहे.

चौथी कादंबरी व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी'. तिचें साल १९५५. औंध संस्थानांतल्या माणदेशांत, धनगरांच्या एका वाडीवर, एक कोवळा मास्तर शाळा चालविण्यास येतो. प्रथम त्याला कोणी विचारीत नाहीं. पुढें पत्र वाचून देण्यापासून तंटा मिटविण्यापर्यंत सर्व त्याच्यावर येऊन पडतें. सर्वांनीं राबून तालीम उभारली जाते. नंतर पाऊस दगा देतो आणि माणसें वाडी सोडून जातात. लेखक कोठेंही आवाज चढवीत नाहीं. मास्तर गांवाला शिकवितो त्याहून गांव मास्तराला अधिक शिकवितें, हें मला अनुभवानें पटलेलें आहे.

गोष्टींची आवड असणारांस बाबूराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती!' हा १९६३ सालचा संग्रह सुचवितों. शीर्षककथेंत रेल्वेंत कामास लागलेला एक तरुण परगांवीं राहण्यास खोली मिळावी म्हणून जात लपवितो. पुढें ती उघडकीस येते व तो मार खातो. हें वाचणें सुखाचें नाहीं. परंतु आपण कोणाला कोणते प्रश्न विचारून घर भाड्यानें देतों, हें त्यानंतर आठवल्यावांचून राहत नाहीं.

आतां हीं पुस्तकें वाचावीं कशीं? माझें सांगणें एवढेंच, कीं तीं एकट्यानें वाचूं नयेत. मीं यमूची कथा दुसऱ्यानें वाचली ती पत्नीस वाचून दाखवीत. यमूचा नवरा तिला वाचनाची गोडी लावतो, त्या भागाशीं आलों तेव्हां ती म्हणाली, "रघुनाथराव काही मास्तर नव्हते, नाहीं का?" लग्नाच्या वेळीं ती नववी उत्तीर्ण होती. पुढें परीक्षेस बसूं का, म्हणून तिनें मला दोनदां विचारलें होतें, आणि दोन्ही वेळां मीं 'पाहूं' असें म्हणालों होतों. त्या 'पाहूं'ला चाळीस वर्षें होऊन गेलीं. ह्या काळांत दुसऱ्यांच्या शेंकडों मुली मीं परीक्षेस बसविल्या. त्या रात्रीं मला कादंबरीच्या नांवाचा अर्थ कळला.

आतां आमच्याकडे जेवणानंतर रोज अर्धा तास वाचन होतें. वाचते ती, मी ऐकतों.