दामटलेल्या हवेचा हिशोब

दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना थेट किनाऱ्यावर उतरवणाऱ्या हिगिन्स बोटी अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सला बनत. त्यांतल्या बहुतेक बोटींत 225 अश्वशक्तीचं ग्रे मरीन डिझेल इंजिन असे. मुळात ते जनरल मोटर्सचं '6-71' : सहा सिलिंडर, प्रत्येकी 71 घनइंचांचा. हे इंजिन टू-स्ट्रोक असल्यामुळे त्याला स्वतःहून हवा ओढता येत नसे, म्हणून त्याच्या कुशीला हवा ढकलणारा ब्लोअर बसवलेला असे. युद्धानंतर हे ब्लोअर स्वस्तात मिळू लागले आणि अमेरिकेतल्या हौशी मेकॅनिकांनी ते पेट्रोलच्या व्ही-8 इंजिनांवर चढवले. वेगवान बोटींवरचे ब्लोअर तिथे आजही '6-71', '8-71' याच नावांनी मागितले जातात.

तत्त्व सोपं आहे. जास्त हवा आत गेली की जास्त पेट्रोल जळतं आणि ताकद वाढते. साधं इंजिन वातावरणाच्या दाबावर, म्हणजे 14.7 पीएसआयवर भागवतं. असा ब्लोअर, म्हणजेच सुपरचार्जर, क्रँकशाफ्टवरून पट्ट्याने फिरतो आणि वातावरणाच्या दाबावर आणखी दाब चढवतो. या वरच्या दाबाला 'बूस्ट' म्हणतात. खरा प्रश्न बूस्ट किती घ्यावा हा नसून त्यासोबत येणारी उष्णता कुठे टाकावी हा आहे.

कारण बोटीचं इंजिन कधी विसावत नाही. मोटार रस्त्यावर एकदा वेगात आली की इंजिनाला थोडक्या ताकदीत भागतं, उतारावर तर तेवढीही लागत नाही. पाणी मात्र बोटीला सतत मागे रेटतं. खंबाटकी घाटाचा चढ ज्याचा कधी संपतच नाही, अशा भरलेल्या ट्रकसारखी तिची गत असते. म्हणून मोटारीत काही सेकंदांसाठी चालून जाणारा बूस्ट बोटीत अर्ध्या तासात पिस्टन वितळवू शकतो.

सुपरचार्जरचे तीन प्रकार प्रचलित आहेत. रूट्स ब्लोअरचं पेटंट अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या रूट्स बंधूंनी 1860 मध्ये घेतलं. त्यातले दोन पाकळीदार रोटर हवा नुसती पुढे ढकलतात. ती दाबली जाते ती पुढच्या मॅनिफोल्डमध्ये, त्यामुळे हवा बरीच तापते. स्वीडनच्या आल्फ लिशोल्म यांनी 1930 च्या दशकात विकसित केलेल्या ट्विन-स्क्रू प्रकारात हवा रोटरांच्या आतच दाबली जाते आणि कमी तापते. हे दोन्ही प्रकार कमी फेऱ्यांतही बूस्ट देतात. तिसरा सेंट्रिफ्युगल. त्याचा बूस्ट साधारणपणे फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. मिनिटाला 5000 फेऱ्यांना मिळणारा बूस्ट 3500 फेऱ्यांना जेमतेम निम्मा उरतो.

यातला कोणता घ्यायचा, ते बोटीच्या कामावर ठरतं. जड बोट सुरुवातीला स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढून मग पाण्यावर सरकू लागते. त्या क्षणी कमी फेऱ्यांत जोर हवा असतो. माणसं भरलेल्या किंवा स्कीअर ओढणाऱ्या बोटीला म्हणून रूट्स किंवा स्क्रू बरा. हलक्या, लांब पल्ल्याच्या बोटीला सेंट्रिफ्युगल मानवतो. प्रोपेलरला लागणारी ताकद फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात बदलते, म्हणजे 3500 फेऱ्यांना ती 5000 च्या सुमारे एक तृतीयांशच लागते. संथ प्रवासात जादा बूस्टची गरजच नसते, आणि सेंट्रिफ्युगल तेव्हा तो फारसा देतही नाही.

आता पुलीचं गणित. 8.2 लिटरचं फोर-स्ट्रोक इंजिन एका फेरीत 4.1 लिटर हवा घेतं. 6-71 ब्लोअर एका फेरीत सुमारे 6.7 लिटर ढकलतो. क्रँकशाफ्टची आणि ब्लोअरची पुली सारखी असेल तर कागदावर दीडपटीहून जास्त हवा जाते. ब्लोअर 15 टक्के हळू फिरवला तर हेच प्रमाण 1.4 पटीवर येतं. गळती धरता प्रत्यक्षात त्याहून कमी. पुली बदलणं तासाभराचं काम असल्यामुळे ब्लोअरची पुली लहान करून बूस्ट वाढवण्याचा मोह इथेच होतो.

पण तापलेली हवा विरळ होते. 30 अंशांच्या हवेवर 7 पीएसआय बूस्ट चढवला, तर जुन्या धाटणीच्या ब्लोअरमधून ती सुमारे 90 अंशांवर बाहेर पडते. दाब दीडपटीच्या जवळ गेला तरी हवेचं वस्तुमान जेमतेम 23 टक्के वाढतं. तीच हवा इंटरकूलरने 45 अंशांवर आणली तर वाढ 40 टक्क्यांवर जाते. शिवाय गरम मिश्रण ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच आपोआप पेटतं. यालाच नॉकिंग म्हणतात, आणि पिस्टन त्यानेच फुटतात. इंटरकूलर थंड करायला बोटीखाली पाण्याचा अमर्याद साठा असतो. खाऱ्या पाण्यात मात्र इंटरकूलर गंजू नये म्हणून तांबे-निकेलच्या नळ्या आणि जस्ताचे अॅनोड लागतात. अरबी समुद्राचं पाणी बराच काळ 28-30 अंशांवर असतं, त्यामुळे उत्तरेकडच्या थंड सरोवरांइतका गारवा कोकणच्या किनाऱ्यावर मिळणार नाही, हेही हिशोबात धरावं.

इंजिनाच्या आतही बदल हवेत. पंपावरच्या पेट्रोलसाठी कम्प्रेशन 8 ते 8.5 च्या आसपास, पिस्टन घडीव, ठिणगीची वेळ थोडी मागे, आणि पूर्ण जोरात हवा-पेट्रोलचं प्रमाण साडेअकरा-बारास एक. बोटीच्या एक्झॉस्टमध्ये थंडाव्यासाठी पाणी सोडलेलं असतं. शर्यतीच्या कॅमशाफ्टमध्ये दोन्ही व्हॉल्व्ह जास्त वेळ एकाच वेळी उघडे राहतात. तेव्हा मंद फेऱ्यांवर हे पाणी उलटं सिलिंडरमध्ये शिरू शकतं. सुपरचार्जर असला की सौम्य कॅमशाफ्टनेही काम भागतं, हा त्याचा बोटीतला मोठा फायदा. हवेच्या तोंडाशी फ्लेम अरेस्टर मात्र हवाच. बंदिस्त इंजिनखोलीत साचलेली पेट्रोलची वाफ बॅकफायरने पेटली तर बोट जळते.

ताकद वाढल्यावर जुना प्रोपेलर हलका पडतो आणि इंजिन मर्यादेपलीकडे फिरू लागतं. प्रोपेलरचा पिच, म्हणजे एका फेरीत तो पुढे सरकण्याचं अंतर, एक इंच वाढवला की फेऱ्या साधारण 150 ते 200 ने उतरतात. गिअर आणि ड्राइव्ह वाढीव जोर पेलतील का, हेही आधीच पाहावं लागतं.

टोक गाठायचं तर किती किंमत मोजावी लागते, हे विक्रमी बोटींनी दाखवून दिलं. श्नायडर करंडकाच्या शर्यतीतल्या विमानांसाठी बनवलेलं रोल्स-रॉइसचं सुपरचार्ज्ड 'आर' इंजिन 1931 मध्ये 36.7 लिटरमधून 2,350 अश्वशक्ती देत होतं, तेही खास मिसळलेल्या इंधनावर. हेच इंजिन लावून माल्कम कॅम्पबेल यांची 'ब्लू बर्ड के4' ही बोट 1939 मध्ये इंग्लंडच्या कॉनिस्टन सरोवरावर ताशी 141.74 मैल धावली. ते इंजिन काही मिनिटांच्या जोरासाठी घडवलेलं होतं. सुट्टीच्या दिवशी कुटुंबाला घेऊन फिरायला जाणाऱ्या बोटीने त्याची बरोबरी करू नये.

म्हणून खर्चाचा क्रम असा ठेवावा: आधी इंधन आणि कम्प्रेशन, मग इंटरकूलर, मग प्रोपेलर आणि ड्राइव्ह. लहान पुलीला हात घालायचा तो सगळ्यांत शेवटी.