जुन्या अक्षरांसाठी जुना बायॉस

अकोल्याचा उन्हाळा कॉम्प्युटरच्याही मुळावर येतो. तापमान १० अंशांनी वाढलं की मदरबोर्डवरच्या इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा ढोबळ नियम आहे. पत्र्याच्या छपराखालच्या छापखान्यात एखादं जुनं मशीन मे महिन्यात कायमचं बंद पडतं, पण त्यातली हार्ड डिस्क बऱ्याचदा शाबूत असते. तिच्यात विंडोज एक्सपी, आणि युनिकोडच्या आधीच्या फाँटांत जुळवलेल्या स्मरणिका, पतसंस्थांचे अहवाल, लग्नपत्रिका. त्या फाईली नव्या मशीनवर नुसत्या कॉपी केल्या तर दिसतो तो रोमन अक्षरांचा गिचमिडकाला, कारण प्रत्येक कंपनीने आपली अक्षरं आपल्याच क्रमाने बसवली होती.

म्हणून अख्खा जुना कॉम्प्युटरच नव्याच्या पोटात चालवायचा: व्हर्च्युअल मशीन. डिस्कची हुबेहूब नक्कल एका फाईलमध्ये घ्यायची आणि ती व्हर्च्युअलबॉक्स किंवा क्यूईएमयूला जोडायची. इथे अनेकांची गाडी अडते. डिस्क चांगली, नक्कल चांगली, तरी एक्सपी काही उठत नाही.

दोष बहुधा फर्मवेअरच्या, म्हणजे मशीन सुरू होताच सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्रामच्या, निवडीत असतो. १९८१च्या आयबीएम पीसीपासून चालत आलेला बायॉस डिस्कवरचे पहिले ५१२ बाइट मेमरीत एका ठरलेल्या जागी आणतो, शेवटचे दोन बाइट ५५ आणि एए आहेत का ते पाहतो आणि कारभार त्या कोडच्या हाती देतो. फाईल म्हणजे काय, हे त्याच्या गावीही नसतं. नंतर आलेलं यूईएफआय वेगळ्या विभागातली ठरावीक फाईल शोधतं. नेहमीच्या ३२-बिट एक्सपीकडे ती नसतेच. जुन्या बायॉसची सोय २०२०पर्यंत काढून टाकण्याचा बेत इंटेलने २०१७ मध्येच जाहीर केला होता. अनेक नव्या मशीनवर आता ती मिळत नाही.

व्हर्च्युअल मशीनमध्ये मात्र बायॉस हाही एक प्रोग्रामच. क्यूईएमयूत सीबायॉस नावाचा मुक्त बायॉस असतो, हायपर-व्हीमध्ये ‘जनरेशन १’ निवडावं लागतं. ही सोय जुनाट म्हणून मोडीत काढू नये, असं मला मनापासून वाटतं. आपल्या भाषेचा मोठा ऐवज तिच्यामागे अडकला आहे.

सगळंच मात्र साधत नाही. डॉसच्या काळात स्लॉटमध्ये बसवलेलं सी-डॅकचं भारतीय लिप्यांसाठीचं जिस्ट कार्ड व्हर्च्युअल मशीनं उभं करत नाहीत. सॉफ्टवेअरची नक्कल होऊ नये म्हणून प्रिंटर पोर्टला लावायचा हार्डवेअर लॉकही तसाच नडतो.

डिस्क हाताशी असेल तर फर्मवेअर बायॉस ठेवा आणि डिस्क आयडीई म्हणून जोडा. एएचसीआय या नंतरच्या जोडणीवर एक्सपी बहुधा निळा पडदा दाखवतो. इंटरनेट बंदच राहू द्या, कारण एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ला संपला. एकदा फाईली उघडल्या, की त्याच बैठकीत छपाईजोग्या पीडीएफ करा आणि मजकूर युनिकोडमध्ये उतरवून घ्या.