जपानी भाषेचा उंबरठा

परदेशी जाण्याची आस धरणारे अनेक तरुण आज जपानी भाषेच्या वर्गांकडे वळत आहेत. त्यास कारणही तसेच आहे. जपानात वृद्धांची संख्या वाढली, काम करणारे हात कमी पडले. म्हणून त्या देशाने २०१९ साली परकीय कुशल कामगारांसाठी नवा परवाना सुरू केला. २०२१ साली भारताशी तत्संबंधी करारही झाला.

मराठी भाषकास जपानी वाक्य फारसे परके वाटत नाही. ‘मी पाणी पितो’ हे जपानीत ‘वाताशी वा मिझु ओ नोमिमासु’ असे होते. वाताशी म्हणजे मी, मिझु म्हणजे पाणी, आणि क्रियापद मराठीप्रमाणेच शेवटी. ‘वा’, ‘ओ’ हे शब्दही आपल्या प्रत्ययांसारखे नामामागून येतात. खरी कसोटी लिपीची. हिरागाना व काताकाना यांची प्रत्येकी ४६ मूळ अक्षरे लवकर साधतात. परंतु नित्य वापरासाठी ठरविलेली चिनी चिन्हे २,१३६ आहेत.

भाषापरीक्षेच्या पाच पायऱ्यांपैकी खालून दुसरी, म्हणजे एन-४, चढली की परवान्याची भाषेची सर्वसाधारण अट पुरी होते. पण ही परीक्षा वाचणे व ऐकणे तपासते, बोलणे नव्हे. आणि वृद्धाश्रमात तर आजाऱ्याशी बोलावेच लागते. शिवाय या परवान्याच्या पहिल्या वर्गात मुक्काम साधारणतः पाच वर्षांचा असून कुटुंबास सोबत नेता येत नाही.

कर्ज काढून निघण्यापूर्वी तरुणाने व त्याच्या वडीलधाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे. प्रमाणपत्राने दार उघडते. आत घर करायचे ते बोलीनेच.