जुनी टेइस्को पुन्हा वाजती करताना

१९६५च्या जानेवारीत 'द व्हेंचर्स' हा अमेरिकन बँड जपानभर वाजवून गेला आणि तिथल्या पोरांना इलेक्ट्रिक गिटारचे वेड लागले. टेइस्को, गुयाटोन अशा कारखान्यांतून गिटारी धडाधड बाहेर पडल्या आणि कितीतरी स्वस्तात परदेशी गेल्या. त्यांतली एखादी आज हाती आली, तर बेसूर वाजते म्हणून तिचे भाग बदलायला धावू नये. बहुतेकदा भाग ठीक असतात, जुळणी बिघडलेली असते. जुळणी ठरलेल्या क्रमानेच करावी, कारण आधीची पायरी हलली की पुढची सगळी मापे हलतात.

त्याआधी स्क्रूंविषयी. जपानी स्क्रूची फुली जेआयएस या जपानी मानकाच्या मापाची असते. नेहमीचा फिलिप्स पेचकस तिच्यात नीट बसत नाही आणि फुली खाऊन टाकतो. जेआयएस पेचकस मिळवूनच काम सुरू करावे. साठ वर्षांचा मूळ स्क्रू परत मिळत नाही.

मग नेक. नव्या तारा चढवून सुरात मिळवाव्यात. सहावी तार पहिल्या फ्रेटवर आणि नेक जिथे बॉडीला मिळतो तिथल्या फ्रेटवर एकाच वेळी दाबावी. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखाली साधारण पाव मिलिमीटर फट हवी. दहा नंबरच्या सेटमधली पहिली तार तेवढीच जाड असते, तीच सरकवून पाहावी. फट जास्त असेल तर नेकच्या आतला ताणाचा दांडा, म्हणजे ट्रस रॉड, घट्ट करायचा, पण एका वेळी पाव फेराच. त्या काळच्या बऱ्याच स्वस्त नेकमध्ये मात्र नुसती लोखंडी पट्टी असते, फिरवायला काहीच नाही. तिथे बारीक तारा लावून ताण कमी करणे हाच पहिला उपाय.

नटच्या पुढ्यात आणखी एक फ्रेट दिसेल, तो झिरो फ्रेट. मोकळ्या तारेची उंची तो ठरवतो. नट फक्त तारांमधले अंतर राखतो. मोकळी तार झणझणत असेल तर आधी झिरो फ्रेटवर तारेने खाच पाडली आहे का पाहावे. नट बदलून तिथे काही साधत नाही.

आता ब्रिज. बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली दोन आणि बारीक तारेखाली दीड मिलिमीटर ही चांगली सुरुवात. ब्रिज तळाला टेकला तरी तारा उंचच राहिल्या, तर दोष नेकच्या कोनात आहे. नेक सोडवून त्याच्या खाचेत, ब्रिजकडच्या टोकाला, लाकडाचा पातळ पापुद्रा ठेवावा. नेक मागे झुकतो आणि तारा खाली येतात. अर्ध्या मिलिमीटरने पडणारा फरक पाहिला की हा उपाय मला सगळ्यांत का आवडतो ते कळेल.

उंची बसल्यावरच स्वरस्थाने तपासावीत. बाराव्या फ्रेटवर तार नुसती स्पर्शून येणारा स्वर आणि तिथेच दाबून येणारा स्वर एकच हवा. दाबताना तार ताणली जाते, म्हणून दाबलेला स्वर चढा येतो. ब्रिज मागे सरकवला की लांबी वाढते आणि तो उतरतो. ब्रिज अखंड असेल तर तारा सैल करून तो किंचित तिरपा सरकवावा, जाड तारांची बाजू मागे.

शेवटी वायरिंग. खरखर बहुधा पॉट आणि स्विचांवर चढलेल्या गंजाची असते. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून ते पुष्कळदा फिरवावेत. पिकअप मुका असेल तर मल्टिमीटरने रोध मोजावा. वाचन आलेच नाही तर वेटोळ्याची तार तुटली आहे, आणि ती अनेकदा बाहेरच्या सांध्यापाशीच तुटते, म्हणजे सांधता येते. सोनेरी पत्र्याचा पिकअप तर काही केल्या टाकू नये. गिटारवादक राय कूडरने असाच टेइस्को पिकअप मुद्दाम आपल्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये बसवला. पत्र्यावर पॉलिश घासू नये, कोरडा मऊ ब्रश पुरे. मग पिकअप तारांजवळ थोडा थोडा आणत वाजवून पाहावे. फार जवळ आला की चुंबक तारांना ओढतो आणि स्वर डळमळतो. तिथून किंचित खाली घेऊन थांबावे.